मनी आजारी, मावशी जागी



गेल्या पावसाळ्यात आमच्या आळीतील एक मावशी सलग तीन रविवार मिस्साला दिसल्या नाहीत. वय सत्तरीच्या पुढे. पती देवाघरी गेलेले, मुले परदेशी. ऊन असो वा पाऊस, पहिल्या मिस्साला त्यांची जागा ठरलेली. म्हणून तिसऱ्या रविवारी चर्चच्या आवारात कुणीतरी विचारलेच, "मावशी आजारी आहेत का हो?" शेजारच्या बाई म्हणाल्या, "मावशी बऱ्या आहेत. त्यांच्या मांजरीला लकवा झालाय. तिला एकटीला टाकून येता येत नाही म्हणे!" त्यावर आमचा आठ-दहा जणांचा घोळका हसला. एक जण म्हणाला, "आता मांजरीसाठीही श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती घाला!" दुसरा म्हणाला, "इथे माणसांना औषध मिळत नाही आणि ह्यांचे मांजराचे लाड चाललेत." मीही हसलो. हे प्रांजळपणे कबूल करतो, कारण हा लेख त्या हसण्याविषयीच आहे.

दोन दिवसांनी क्रूसाच्या सणाची वर्गणी मागायला मी मावशींच्या घरी गेलो. दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. डोळे तांबारलेले, पदरावर औषधाचे डाग. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एका खोक्यात जुन्या गोधडीची घडी आणि त्यावर मनी. तिची मान एका बाजूला कलंडलेली होती. उठायला गेली की ती एकाच अंगावर पडायची. मावशी बिनसुईच्या सिरिंजने तिच्या ओठाच्या कडेने थेंब थेंब पाणी सोडत होत्या. "बस हां, हात धुऊन चहा टाकते," असे म्हणून त्या क्षणभर पाटावर टेकल्या, आणि भिंतीला डोके लागताच त्यांना झोप लागली. चहा नाही, वर्गणी नाही. मी तसाच बसून राहिलो. मांजर माझ्याकडे पाहत होते आणि मी मावशींकडे.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात घोळतो आहे. जो माणूस एका मुक्या, आजारी प्राण्यासाठी रात्रीचा दिवस करतो, त्याला आधार देणे हे आपले, म्हणजे शेजाऱ्यांचे आणि धर्मग्रामाचे काम आहे का? की तो त्याचा खासगी हौसेचा मामला म्हणून आपण बाजूला व्हावे?

उत्तर शोधण्याआधी मावशींच्या घरात नेमके काय घडत होते ते समजून घेऊया. माणसांप्रमाणे मांजरांनाही पक्षाघात होतो. माणसांच्या मानाने तो कमी आढळतो, पण होतो. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा ती वाहिनी फुटते आणि मेंदूच्या त्या भागाचे रक्त तुटते. सकाळी उडी मारून खिडकीत बसलेले मांजर दुपारी अचानक तोल जाऊन पडते, गोल गोल फिरू लागते, मान तिरकी होते, बुबुळे थरथरतात, कधी एक बाजू लुळी पडते तर कधी दिसेनासे होते. पुष्कळदा ह्यामागे म्हातारपणीचा दुसराच आजार असतो : मूत्रपिंडाचा विकार, थायरॉइड ग्रंथीची अतिक्रिया, उच्च रक्तदाब किंवा हृदयाचा आजार. म्हणून डॉक्टर मांजराचे रक्त तपासतात, रक्तदाबही मोजतात. नक्की निदानासाठी एमआरआय लागतो, पण त्यासाठी भूल द्यावी लागते, खर्च मोठा असतो आणि ती सोय सगळीकडे नसते. कानाच्या आतील भागाचे विकार अगदी असेच दिसू शकतात. म्हणून "लकवाच आहे" असे घरच्या घरी ठरवून चालत नाही.

ह्या आजारावर एका इंजेक्शनात बरे करणारे औषध नाही. मूळ आजार सापडला तर त्यावर उपचार होतात, रक्तदाबाची गोळी सुरू होते. बाकीचे सारे काम शुश्रूषेचे. आणि समाधानाची गोष्ट अशी की पहिले काही दिवस निभावले, तर पुष्कळ मांजरे पुढील काही आठवड्यांत बऱ्यापैकी सावरतात. एखाद्याची मान कायमची थोडी तिरकी राहते, पण ते खाते, चालते, उन्हात बसते.

पण "शुश्रूषा" हा शब्द लिहायला सोपा आहे. मांजर आपणहून वळू शकत नसेल तर दर काही तासांनी त्याची कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. नाहीतर अंगाला जखमा होतात. लघवीने भिजलेले कापड लगेच बदलावे लागते. लघवी अडली तर डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे पोट हलकेच दाबून ती मोकळी करावी लागते. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकते. म्हणून बोटाने, चमच्याने, सिरिंजने घासभर अन्न पोटात जाईल असे पाहावे लागते, आणि तेही जपून, कारण घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो. जिन्याकडे, विहिरीकडे ते जाऊ नये म्हणून लक्ष ठेवावे लागते. आजाऱ्याला बोलता येत नाही, कुठे दुखते ते सांगता येत नाही. कधी ते चावते, ओरबाडते. मावशींच्या दोन्ही मनगटांवर ओरखडे होते. हे सारे एकट्या बाईने, सत्तरी ओलांडल्यावर, तीन आठवडे केले होते. आणि आम्ही आवारात उभे राहून हसलो होतो.

आता त्या दोन आक्षेपांकडे वळतो. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत.

पहिला आक्षेप पैशाचा. जगात एवढी गरिबी असताना मांजरावर खर्च करावा का? ख्रिस्तसभेची शिकवण ह्याबाबत मोघम नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात परिच्छेद २४१५ ते २४१८ मध्ये प्राण्यांविषयी विवेचन आहे. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्याशी दयेने वागणे हे आपले देणे आहे आणि त्यांना विनाकारण छळणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे तेथे म्हटले आहे. पण त्याच ठिकाणी असेही बजावले आहे की ज्या पैशाने प्रथम माणसांचे दुःख हलके व्हायला हवे तो प्राण्यांवर उधळणे योग्य नव्हे आणि जे प्रेम केवळ माणसाला द्यायचे ते प्राण्याला देऊ नये. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' ह्या परिपत्रात सर्व सृष्टीची काळजी घ्यायला सांगितले, आणि त्याच पोप महोदयांनी जानेवारी २०२२ मध्ये, मुलांऐवजी कुत्री-मांजरी पाळणाऱ्या जोडप्यांना खडे बोलही सुनावले. दोन्ही बाजू आपल्यासमोर आहेत. तेव्हा "प्राणी म्हणजे माणूसच" असे मी म्हणणार नाही. मावशीही तसे म्हणत नाहीत.

पण येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. मावशींनी मनीवर किती खर्च करावा हा एक प्रश्न. मावशींना आपण किती आधार द्यावा हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मावशींनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीला साक्ष ठेवून द्यायचे आहे. त्यांनी ते दिलेही होते. डॉक्टरांना त्यांनी सरळ सांगितले होते की मोठ्या तपासण्या परवडणार नाहीत, रक्त तपासा, गोळी द्या, बाकी मी हाताने करीन. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्याला द्यायचे आहे, आणि त्यात मांजर मध्ये येतच नाही. जागरणाने खंगलेली ती बाई माणूस आहे. मांजराचा आजार आपल्याला क्षुल्लक वाटला तरी तिचे जागरण क्षुल्लक होत नाही. शिवाय, लग्नातील बँड, मांडव, तीन प्रकारचे मटण ह्यांवर खर्च करताना आपण गरिबांची आठवण काढत नाही. ती नेमकी शेजारणीच्या मांजरापाशीच का यावी?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे : आधी माणसे, मग जनावरे. हे तत्त्व खरे आहे. मीही ते मनातल्या मनात उगाळत मावशींच्या घरून निघालो. आणि चार घरे पुढे आल्यावर थबकलो. कारण त्या चौथ्या घरात आमच्याच आळीतील एक काका गेली दोन वर्षे आपल्या पक्षाघात झालेल्या पत्नीची कूस बदलत आहेत. त्यांना भरवणे, पुसणे, रात्री उठणे, सारे तेच करतात. सुरुवातीला आम्ही सगळे फळे घेऊन गेलो होतो. मग हळूहळू जाणे थांबले. मी शेवटचा त्यांच्या दारात कधी उभा राहिलो होतो? मला आठवेना.

बंधू-भगिनींनो, "आधी माणसे" असे म्हणणाऱ्या आमच्या घोळक्यातील किती जण त्या माणसाकडे गेले होते? एकही नाही. म्हणजे माणसांना पहिला मान द्यावा म्हणून आम्ही मांजराला दुसरा देत होतो असे नव्हे. आम्ही दोघांनाही काहीच देत नव्हतो आणि वर एका चांगल्या तत्त्वाचे पांघरूण घेत होतो. हे ध्यानात आले तेव्हा पहिल्यांदा माझे हसू ओशाळले.

लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) एक प्रसंग आहे. अठरा वर्षे कमरेत वाकलेल्या एका स्त्रीला प्रभू येशू शब्बाथ दिवशी बरे करतो आणि सभास्थानाचा अधिकारी रागावतो. त्या वेळी येशू लोकांना विचारतो की शब्बाथ असला तरी तुम्ही आपला बैल किंवा गाढव गोठ्यातून सोडून पाण्यावर नेता की नाही? मग ह्या स्त्रीला का सोडवू नये? ह्या युक्तिवादाकडे नीट पाहा. स्त्रीचे मोल बैलाहून कितीतरी मोठे, हे तर त्यात आहेच. पण बैलाला पाणी पाजणे चूक, असे येशू म्हणत नाही. तहानलेल्या जनावराला पाण्यावर नेणारा जो हात आहे, त्याच हाताला तो आणखी पुढे, माणसापर्यंत जायला सांगतो. जनावरावरील दया ही माणसावरील दयेची वैरीण नाही, ती तिची पहिली पायरी होऊ शकते. पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला, वर चढण्याची तसदी न घेतलेल्यांनी हसावे, हे काही खरे नव्हे.

आपल्या जुन्या माणसांना हे शिकवावे लागले नव्हते. रहाटाचा बैल पावसात बसला आणि उठेना, तर शेजारीपाजारी बांबू आणि दोर घेऊन अर्ध्या रात्री धावत. बैल गेला तर त्या घरी बोलायला जात. कुणी म्हणेल, बैल कामाचा होता, मांजर काय कामाचे? पण "कामाचे असेल तरच सांभाळू" हे माप एकदा हातात घेतले की ते मांजरापाशी थांबेल ह्याची खात्री कोण देईल? मांजर आणि माणूस ह्यांत फरक आहेच. पण निरुपयोगी झालेल्या जिवाला सांभाळण्याची सवय मात्र एकच असते. जो ती मोडतो तो ती सगळीकडेच मोडतो. शिवाय पाळीव प्राणी आपल्यावर अवलंबून आहे तो आपणच त्याला तसे केले म्हणून. वाडगाभर दूध देऊन आपण त्याला घराचे केले. मग आजारपणात "आता तू तुझे बघ" असे म्हणणे न्यायाचे होत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, तिच्याबद्दल बोलायलाच हवे. कधी कधी मांजर सावरत नाही. हृदयविकाराने रक्ताची गुठळी मागच्या पायांच्या धमनीत अडकली, तर पाय थंड पडतात, वेदना असह्य होतात आणि आशा फार थोडी उरते. अशा वेळी डॉक्टर त्या जिवाला शांतपणे जाऊ द्यावे असे सुचवतात. माणसाच्या बाबतीत ख्रिस्तसभा हा मार्ग कधीच मान्य करीत नाही. प्राण्याच्या बाबतीत, त्याची व्यर्थ तडफड थांबवणे हे दयेचे कृत्य असू शकते. पण तो निर्णय ज्याला घ्यायचा असतो त्याचे काळीज आपण पाहिले आहे का? शेजारी मात्र दोन्हीकडून बोलतात. एक म्हणतो, "किती दिवस उगाच त्रास? इंजेक्शन देऊन मोकळी हो." दुसरा म्हणतो, "मुक्या जिवाला मारणार? पाप लागेल." दोघेही पाच मिनिटांत आपापल्या घरी जातात. तिथे उरते ती एकटी व्यक्ती आणि तिची रात्र. अशा वेळी आधार देणे म्हणजे निर्णय देणे नव्हे. "डॉक्टर काय म्हणाले? मी तुझ्याबरोबर येऊ का?" एवढे विचारणे पुरेसे आहे. आणि जीव गेलाच, तर "मांजरच होते ना!" हे शब्द ओठांवर येऊ देऊ नयेत. माणूस गेल्यावर घरी लोक येतात, प्रार्थना होते, रडायला जागा मिळते. मांजर गेल्यावर रडणाऱ्याला मात्र दार लावून घ्यावे लागते.

मग आपण प्रत्यक्षात काय करू शकतो? फार मोठे काही नाही.

शुश्रूषा करणाऱ्याला प्रथम त्याच्याबद्दल विचारावे : "तू जेवलीस का? झोपलीस का?" आजाऱ्याची चौकशी नंतर. जाताना सल्ला नेऊ नये, पेज न्यावी, कालवण न्यावे. दोन तास आजाऱ्याजवळ बसावे, म्हणजे घरच्या माणसाला झोप घेता येईल, मिस्साला जाता येईल. रिक्षा करून डॉक्टरांकडे सोबत जावे. खोके धरायलाही एक माणूस लागतो. औषध पाजताना टॉवेलमध्ये गुंडाळून धरायला दोन हात द्यावेत. मात्र घरगुती उपाय सुचवू नयेत आणि आपल्या डब्यातील गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. माणसाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. ज्याला खर्च झेपत नाही त्याला धर्मादाय दवाखान्याची वाट दाखवावी. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटीट ह्यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून उभे आहे.

आणि आधार देणाऱ्याने वेळ पडल्यास प्रेमाने एक कटू गोष्टही सांगावी. शुश्रूषेच्या भरात कुणी स्वतःची औषधे चुकवीत असेल, घरातील माणसांना विसरत असेल, तर "थोडे थांब, हे मी पाहते," असे म्हणावे. मावशी स्वतःची रक्तदाबाची गोळी आठवडाभर विसरल्या होत्या. मांजरीची मात्र वेळेवर देत होत्या! हे कुणीतरी जाऊन बसल्याशिवाय कळले नसते.

संत फिलिप नेरी ह्यांच्या चरित्रात एक गमतीदार गोष्ट सांगतात. १५८३ साली ते रोममध्ये एका घरातून दुसऱ्या घरी राहायला गेले, पण त्यांचे मांजर जुन्याच जागी राहिले. तेव्हा ते आपल्या शिष्यांना त्या मांजराला खायला घालायला पाठवीत आणि परतल्यावर त्याची खुशाली विचारीत. मोठ्या घरच्या, मानमरातब असलेल्या मंडळींना त्यात कमीपणा वाटला असेल. गुरूचा हेतूही कदाचित तोच असेल! लहान काम करताना आपला अहंकार किती मोठा आहे ते चटकन कळते.

मला ते टॉवेल धरताना कळले. दुसऱ्या आठवड्यापासून मी संध्याकाळी मावशींकडे जाऊ लागलो. पहिल्या दिवशी मनीने माझा अंगठा फोडला. आळीतील दोन मुलींनी दुपारची पाळी घेतली. आणि पाळ्या ठरवताना त्यांतील एका मुलीने सहज विचारले, "मग काकांकडे पण जायचं का? काकूंना भरवायला?" ज्या प्रश्नापाशी मी थबकलो होतो, तो तिने एका वाक्यात सोडवला. आता गुरुवारी आणि रविवारी कुणी ना कुणी काकांकडे जाते. काका त्या वेळात बाजारात जातात, दाढी करून येतात. एकदा ते नुसतेच समुद्रावर जाऊन बसले, असे त्यांनी लाजत सांगितले.

मनी आता चालते. मान तिरकी राहिली आहे, त्यामुळे ती सदैव काहीतरी विचारते आहे असे वाटते. मावशी पुन्हा पहिल्या मिस्साला येऊ लागल्या आहेत. मागच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर, त्या दिवशी घोळक्यात सर्वांत मोठ्याने हसलेले गृहस्थ त्यांच्याजवळ गेले. थोडे अवघडले आणि म्हणाले, "मावशी, मनी कशी आहे?" मावशी म्हणाल्या, "बरी आहे रे. काल खिडकीत चढायला बघत होती." तो वळला, दोन पावले गेला, आणि पुन्हा मागे येऊन त्याने विचारले, "आणि तुम्ही? रात्री झोप लागते ना आता?"

मावशींनी लगेच उत्तर दिले नाही. पदराने डोळे पुसले आणि त्याचा हात धरून त्या पायरी उतरल्या.